गाडी चालवता येते, पण उतरवता येते का?

नवले पूल. पुण्यात शिकणाऱ्या कुणालाही या दोन शब्दांपुढे काही सांगावं लागत नाही. बाहेरगावच्या दोस्तांसाठी थोडक्यात सांगते. साताऱ्याकडून पुण्यात येताना नवीन कात्रज बोगदा ओलांडला की रस्ता उतरायला लागतो आणि उतरतच राहतो. त्या उताराच्या शेवटी नवले पूल, आणि पुलापाशी शहराची सगळी गर्दी. भरलेला ट्रक तिथवर पोचेपर्यंत त्याला जो वेग आलेला असतो, तो आवरला नाही तर काय होतं, ते आपण वरचेवर वाचतो.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री असंच एक अवजड वाहन खाली आलं आणि वीसहून जास्त गाड्यांना धडकत गेलं. पहिली बातमी नेहमीचीच होती, ब्रेक फेल. पण प्राथमिक तपासात वेगळंच समोर आलं. इंधन वाचवायला ड्रायव्हरनं उतारावर इंजिनच बंद केलं होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये जवळपास तिथेच पुन्हा एका कंटेनरचा ताबा सुटला, आग लागली आणि अनेक जीव गेले. त्यानंतर वेगमर्यादा, कॅमेरे, रंबल स्ट्रिप, रस्त्याची रचना अशी सगळी चर्चा झाली. व्हायलाच हवी होती.

एका गोष्टीची चर्चा मात्र फार कमी झाली. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये घ्यायची असते, हे आपल्याला शिकवतं कोण?

तुम्ही म्हणाल, तो ट्रकवाला होता, आपला काय संबंध? तर जरा आठवून बघा. पावसाळा आला की ग्रुपवर प्लॅन ठरतो. ताम्हिणी, माळशेज, आंबोली, नाहीतर आपलं हक्काचं लोणावळा. कुणाच्या तरी घरची गाडी किंवा सेल्फ ड्राइव्हवाल्याकडून भाड्यानं घेतलेली. पाच जण आत. चालवणाऱ्याच्या लायसन्सला सहा महिने झालेले. चढताना सगळे शहाणे असतात, कारण इंजिन ओरडतं, दम लागल्याचं कळतं, गिअर आपोआप खाली जातो. उतरताना मात्र गाडी स्वतःच पळते. गाणी जोरात सुरू, गिअर चौथा, पाय ब्रेकवर. एखादा शहाणा तर न्यूट्रलच टाकतो, "पेट्रोल वाचतं रे" म्हणत.

म्हणजे तीच चूक. फक्त गाडी लहान.

कायद्यात आहे, शिकवण्यात नाही

गंमत बघा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १५ हा ड्रायव्हिंग टेस्टचा नियम. उमेदवाराला काय काय आलं पाहिजे, याची त्यात यादी आहे. चढावर थांबून गाडी मागे न जाऊ देता पुन्हा काढता आली पाहिजे, हे तर आहेच. त्याच यादीत हेही लिहिलंय की रहदारीची गरज पाहून पटकन वरच्या गिअरमधून खालच्या गिअरमध्ये येता आलं पाहिजे, आणि उतारावर पटकन खालचे गिअर टाकता आले पाहिजेत.

म्हणजे कायदा पस्तीसहून जास्त वर्षं सांगतोय. आता तुमची टेस्ट आठवा. आठचा आकडा, रिव्हर्स, पार्किंग, फार तर एक छोटा चढ. भोसरीसारख्या ठिकाणच्या ऑटोमेटेड ट्रॅकवर चाकं रेषेवर गेली का हे सेन्सर पकडतात, आणि ते काम ते चोख करतात. पण सपाट मैदानावर घाट कुठून आणणार?

मोटार ट्रेनिंग स्कूलवाल्यांना दोष देणं सोपं आहे. त्यांचंही गणित असतं. एका गाडीवर दिवसाला दहा-बारा पोरं, प्रत्येकाला अर्धा तास, त्यातला निम्मा वेळ सिग्नलला. शेजारी बसलेल्या दादाच्या पायाखाली वेगळा क्लच आणि ब्रेक असतो, त्यामुळे निम्मी गाडी तोच चालवत असतो. आपल्याला एवढंच शिकवलं जातं की क्लच पूर्ण दाबा, गिअर टाका, क्लच हळू सोडा. हे "हळू सोडा" सगळ्या रोगांवरचं औषध. गाडी हिसका देतेय? हळू सोडा. बंद पडतेय? हळू सोडा. का हळू सोडायचा, ते मात्र कुणी सांगत नाही.

तो 'का' समजून घेऊ

इंजिनच्या टोकाला एक जड लोखंडी चकती असते, ती फ्लायव्हील. तिला चिकटून बसते ती क्लचप्लेट. फ्लायव्हील इंजिनच्या वेगानं फिरतं. क्लचप्लेट गिअरबॉक्सला जोडलेली असते आणि गिअरमध्ये असताना गिअरबॉक्स चाकांना. तुम्ही क्लच दाबता तेव्हा या दोन चकत्या एकमेकींपासून सुटतात. सोडता तेव्हा पुन्हा चिकटतात. बस, क्लच म्हणजे एवढंच.

आता दोन्ही चकत्या एकाच वेगानं फिरत असतील तर चिकटताना काहीच होणार नाही. तुम्हाला कळणारही नाही. पण एक २००० च्या वेगानं फिरतेय आणि दुसरीला २६०० हवेत, तर कुणाला तरी बदलावं लागेल. क्लच हळू सोडला तर दोन्ही चकत्या घासत घासत एकमेकींच्या वेगाला येतात. घासलं की उष्णता आली, झीज आली. भसकन सोडला तर हिसका बसतो आणि तो चाकांपर्यंत जातो. "हळू सोडा" याचा अर्थ एवढाच की जे काम घासून होणार आहे, ते सावकाश घासून होऊ द्या.

तिसरा रस्ताही आहे. क्लच दाबलेला असतानाच ॲक्सिलरेटरला हलकासा टोला द्यायचा, म्हणजे इंजिन आधीच २६०० वर येतं. मग क्लच सोडा. घासायला काही उरलेलंच नाही. यालाच रेव्ह मॅचिंग म्हणतात. आपल्याकडच्या मेकॅनिकच्या भाषेत, गिअर उतरवताना थोडी रेस द्यायची.

आकडे हवेत? एखाद्या साध्या लहान पेट्रोल गाडीत चौथ्या गिअरचं गुणोत्तर साधारण १ असतं, तिसऱ्याचं १.३, दुसऱ्याचं १.९, पहिल्याचं ३.५. समजा चौथ्यात ताशी ५४ च्या वेगाला इंजिन २००० वर फिरतंय. त्याच वेगाला तिसरा टाकला तर इंजिन २६०० वर यायला हवं. दुसरा टाकला तर ३८०० वर. आणि चुकून पहिला पडला तर ७०००, म्हणजे बऱ्याच गाड्यांत लाल रेषेच्याही पलीकडे. वर जाताना हा प्रश्न फारसा येत नाही. गिअर वर टाकताना इंजिनचा वेग कमी व्हायचा असतो आणि पाय काढला की तो आपोआप कमी होतोच. म्हणून वर टाकणं सगळ्यांना जमतं. खाली येताना इंजिनला वेग वाढवायचा असतो, आणि तो कुणीतरी द्यावा लागतो. तुम्ही पायानं दिलात तर ठीक, नाहीतर क्लचप्लेट देते, स्वतः झिजून.

इथे कुणी हुशार विचारेल की मग गाडीत सिंक्रोमेश असतं ते कशाला? बरोबर प्रश्न आहे. सिंक्रोमेश म्हणजे गिअरबॉक्सच्या आतली सोय. त्यानं आतली चाकं एकमेकांत अडकण्याआधी एका वेगाला येतात. कॅडिलॅकनं १९२८ मध्ये ते पहिल्यांदा गाडीत आणलं. त्याआधी गिअर म्हणजे कसरतच. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, रेस द्या, पुन्हा क्लच दाबा आणि मग गिअर टाका. हाच तो डबल डीक्लच. जुन्या ट्रक आणि बसवर हात बसलेल्या एखाद्या काकांना विचारा, ते पायानं हवेत करून दाखवतील. आज त्याची गरज नाही, कारण आतलं काम सिंक्रोमेश करतं. पण इंजिन आणि क्लचप्लेट यांच्यातला वेगाचा फरक सिंक्रोमेश मिटवत नाही. तो हिशोब अजूनही तुमच्या उजव्या पायाकडेच आहे.

पंधरा लिटर पाण्याची उकळी

आता पुन्हा घाटात चला. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी साधारण ५०० मीटर खाली येते. एक टनाची गाडी ५०० मीटर खाली आली की सुमारे ४९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी घालवावी लागते. बारावीचंच सूत्र आहे, वस्तुमान गुणिले गुरुत्व गुणिले उंची. एवढ्या ऊर्जेत साधारण पंधरा लिटर पाण्याला उकळी येते. थोडी ऊर्जा हवा खाते, थोडी टायर. बाकीची कोण खाणार? न्यूट्रलमध्ये असाल तर एकटे ब्रेक. गिअरमध्ये असाल तर मोठा वाटा इंजिन उचलतं, कारण आता चाकं इंजिनला फिरवत असतात आणि इंजिन त्याला विरोध करतं.

हाच हिशोब चाळीस टनांच्या कंटेनरला लावा. पाणी सहाशे लिटरच्या पुढे जातं. नवले पुलाच्या बातम्या वाचताना ही टाकी डोळ्यांसमोर आणा.

ब्रेक तापले की आधी त्यांची पकड कमी होते. आणखी तापले तर ब्रेक ऑईलला उकळी येऊन नळीत बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. ज्याला आपण सरसकट "ब्रेक फेल" म्हणतो, त्यातली काही प्रकरणं अशी असतात. ब्रेक तुटलेले नसतात, थकलेले असतात. कुणीतरी दहा मिनिटं सलग त्यांच्यावर पाय ठेवून आलेलं असतं.

इंजिन बंद करणं तर त्याहून वाईट. कारच्या ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिन चालू असताना तयार होणाऱ्या पोकळीवर चालतो. इंजिन बंद झालं की दोन-तीन वेळा पेडल दाबेपर्यंत मदत मिळते, मग ते दगड होतं. स्टिअरिंगही जड होतं. ट्रकमध्ये ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो. इंजिन बंद म्हणजे नवीन हवा बंद.

आणि ज्या पेट्रोलसाठी हा खटाटोप, ते तरी वाचतं का? आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत तुम्ही गिअरमध्ये असताना उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की कॉम्प्युटर इंधन तोडतो. चाकंच इंजिन फिरवत असतात, पेट्रोल लागतंच कशाला? न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनला स्वतःला चालू ठेवायचं असतं, म्हणजे ते पेट्रोल पितंच. न्यूट्रलची सवय कार्ब्युरेटरच्या जमान्यातून आली आणि बापाकडून मुलाकडे चालत आली. कार्ब्युरेटर गेले, सवय राहिली.

मग रेस देणं हे रेसवाल्यांचं ना?

हा गैरसमज पसरवण्यात रील्सचा वाटा मोठा आहे. कॅमेरा पायांवर रोखलेला, टाचेनं ॲक्सिलरेटर आणि बोटांनी ब्रेक, सायलेन्सरमधून फटाके, खाली हजारो लाइक्स. टाच आणि बोटं एकाच वेळी वापरायची ती कसरत ट्रॅकवर कामाची आहे, कारण तिथे ब्रेक सोडायलाही वेळ नसतो. तुम्हाला ताम्हिणीत तिची काही गरज नाही. तुमच्याकडे वेळ असतो. नसेल, तर तुम्ही आधीच जास्त वेगात आहात.

रस्त्यावरचा प्रकार अगदी साधा आहे. वळण किंवा उतार येण्याआधी ब्रेकनं वेग कमी करा. ब्रेकवरून पाय उचला. क्लच दाबा, गिअर खाली घ्या आणि क्लच सोडण्याआधी ॲक्सिलरेटरला हलका स्पर्श करा. इंजिनचा आवाज थोडा चढला की क्लच सोडा. सगळं मिळून एका सेकंदाचं काम. बरोबर जमलं तर शेजारी बसलेल्याची मान हलत नाही. माझ्या मते चांगल्या ड्रायव्हरची हीच खरी परीक्षा आहे, मागच्या सीटवर झोपलेला माणूस झोपलेलाच राहतो.

हिसका बसणं हा फक्त आरामाचा प्रश्न नाही, म्हणून हे जरा ठासून सांगावंसं वाटतं. पावसात ओल्या वळणावर दुसरा टाकून क्लच भसकन सोडलात, तर इंजिन चाकांना एकदम मागे ओढतं. टायरची पकड आधीच कमी, त्यात हा ओढा. चाक घसरू शकतं. तेव्हा गिअर खाली घ्यायचा तो सरळ रस्त्यावर, वळणाच्या आधी. वळणात पाय क्लचवर ठेवून तरंगत जाणं हाही न्यूट्रलचाच भाऊ.

बाइकवाल्यांना हे जास्त लवकर कळतं. एकदम दोन गिअर खाली टाकून क्लच सोडला की मागचं चाक कसं टणाटणा उडतं, ते अनेकांनी अनुभवलंय. त्यावर तोडगा म्हणून स्लिपर क्लच आला. मागचं चाक इंजिनला फार जोरात फिरवायला लागलं की हा क्लच स्वतःहून थोडा घसरतो. २०१८ मध्ये यामाहाच्या आर१५ च्या तिसऱ्या आवृत्तीत तो आला आणि दीडशे सीसीच्या, कॉलेजच्या पार्किंगमध्ये दिसणाऱ्या बाइकवर लोकांना तो शब्द माहीत झाला. चांगली सोय आहे. पण तो तुमची चूक सौम्य करतो, गिअर निवडून देत नाही.

आणि स्कूटरवाले? तुमच्याकडे गिअर नाहीत आणि वेग कमी झाला की आतला क्लच आपोआप सुटतो. म्हणजे सिंहगडावरून सावकाश उतरताना तुमची स्कूटर जवळपास न्यूट्रलमध्येच असते. सगळा भार ब्रेकवर. तेव्हा मध्ये थांबा, भजी खा, ब्रेक थंड होऊ द्या. हा सल्ला गंमतीचा वाटला तरी गंमतीचा नाही.

पण आता ऑटोमॅटिकचा जमाना आहे

हे ऐकायला मिळणारच. आणि ते खरंही आहे. २०१४ मध्ये मारुतीनं सेलेरिओ एएमटीसह आणली आणि ऑटोमॅटिक ही श्रीमंतांची चैन राहिली नाही. २०२० मध्ये ह्युंदाईनं व्हेन्यूमध्ये गिअरचा दांडा आहे पण क्लचचं पेडल नाही, असा आयएमटी प्रकार आणला. त्याच वर्षी टाटाची नेक्सॉन ईव्ही आली, तिच्यात तर गिअर बदलायचाच प्रश्न नाही. पुणे-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये डाव्या गुडघ्याचे हाल सोसलेला कुणीही मॅन्युअलवर प्रेम करत बसणार नाही. त्यात काही चूकही नाही. क्लच दाबता येणं म्हणजे मर्दुमकी, हा एक फालतू समज आपल्याकडे आहे. ऑटोमॅटिक चालवणाऱ्या मुलींना त्यावरून टोमणे मारणारे बरेच भेटतात. त्यातल्या किती जणांना तिसऱ्यातून दुसरा हिसका न देता टाकता येतो, ते एकदा मागे बसून बघायला हवं.

मशीनला तर हे कधीच यायला लागलंय. २००९ च्या निसान ३७० झेडमध्ये मॅन्युअल गिअर असूनही रेस देण्याचं काम कॉम्प्युटर करायचा, गिअरचा दांडा कुठे चाललाय ते ओळखून. तंत्र म्हणून रेव्ह मॅचिंग उद्या हौशी लोकांपुरतं उरलं तर मला वाईट वाटणार नाही.

प्रश्न वेगळा आहे. पेडल गेलं तरी उतार गेलेला नाही.

एएमटी म्हणजे आत तोच क्लच, तीच क्लचप्लेट. फक्त पायाच्या जागी एक यंत्र. तुम्ही उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढलात की बऱ्याचदा त्या कॉम्प्युटरला वाटतं, साहेब आरामात चाललेत, टाका वरचा गिअर. म्हणजे नेमकं उलटं. म्हणूनच तिथे मॅन्युअल मोड दिलेला असतो, प्लस आणि मायनसचा. गाडी घेऊन वर्ष झालेल्या किती जणांनी तो दांडा एकदा तरी त्या बाजूला सरकवलाय? शिवाय चढावर सिग्नलला ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची सवय एएमटीत क्लचप्लेट जाळते, मॅन्युअलमधल्या हाफ क्लचसारखीच. फक्त इथे कळायला उशीर होतो, कारण पायाला काही जाणवत नाही. वास येतो तेव्हा बिलाची तयारी करायची.

ईव्हीत ब्रेकिंगची ऊर्जा बॅटरीत परत जाते. उतारासाठी याहून छान सोय नाही. खाली येता येता चार्जिंग. पण बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर ती ऊर्जा ठेवणार कुठे? मग गाडी हे रीजनरेशन कमी करते आणि भार पुन्हा ब्रेकवर येतो. लोणावळ्यात जेवताना गाडी पूर्ण चार्ज करून लगेच घाट उतरायला लागणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. वरून निघायचं असेल तर बॅटरीत थोडी जागा राहू द्या.

लायसन्सचं काय करायचं?

आपल्याकडे दुचाकीच्या लायसन्सला गिअरवाली आणि बिनगिअरची असा भेद आहे. कारच्या लायसन्सला नाही. ऑटोमॅटिकवर टेस्ट द्या आणि दुसऱ्या दिवशी मॅन्युअल घेऊन आंबा घाटात जा, कायद्याला चालतं. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर पास झालात तर फक्त ऑटोमॅटिकच चालवता येते. जर्मनीत बरीच वर्षं तसंच होतं. १ एप्रिल २०२१ पासून त्यांनी मधला मार्ग काढला. टेस्ट ऑटोमॅटिकवर द्या, पण मॅन्युअलवर किमान दहा धडे घ्या आणि स्कूलमध्येच पंधरा मिनिटांची चाचणी द्या, मग दोन्ही चालवा. इलेक्ट्रिक गाड्यांवर शिकणारे वाढावेत, पण मॅन्युअलचं दार बंद होऊ नये, हा त्यामागचा विचार.

आपल्याकडे ब्रिटनसारखी बंदी आणावी असं मला वाटत नाही. इथे मॅन्युअल गाड्या भरपूर आहेत, भाड्याच्या गाड्या मॅन्युअल आहेत, गाडी चालवून पोट भरणाऱ्यांना जी मिळेल ती चालवावी लागते. बंदी आली तर लायसन्सचा एक नवा प्रकार येईल आणि एजंटची एक नवी फी. जर्मनीसारखे काही तास सक्तीचे करणं जास्त शहाणपणाचं. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं मान्यताप्राप्त ट्रेनिंग सेंटरची योजना आणली. त्यात कारसाठी जास्तीत जास्त चार आठवड्यांत २९ तासांचा कोर्स आहे आणि तिथून पास झालं की आरटीओची टेस्ट माफ. त्या २९ तासांतला एक तास, फक्त एक, खऱ्या उतारावर का नसावा? राज्यात घाट कमी आहेत का? नागपूरसारख्या सपाट भागात एखादा रॅम्प किंवा सिम्युलेटर चालेल. पण पुणे, रायगड, सातारा, कोल्हापूर, नाशिक या जिल्ह्यांना हे कारण देता येणार नाही.

तोवर तुमचं तुम्हाला शिकावं लागेल. घाटात नव्हे, आधी सपाट मोकळ्या रस्त्यावर, रविवारी सकाळी, शेजारी कुणीतरी अनुभवी बसवून. पहिल्यांदा गाडी थांबलेली असताना न्यूट्रलमध्येच ॲक्सिलरेटरला टोले देऊन बघा. किती दाबलं की काटा २५०० वर जातो, ३००० वर जातो, ते पायाला कळू द्या. प्रत्येक गाडीचं वेगळं असतं. मग ताशी चाळीसच्या आसपास चौथ्यातून तिसरा. शंभर वेळा चुकेल, चुकू द्या. जास्त रेस दिली तर गाडी किंचित पुढे उसळेल, कमी दिली तर किंचित मागे ओढेल, यावरून कळतं. थेट दोन गिअर खाली उडी मारायची नाही. आणि रस्त्यावर इतर लोक असताना काट्याकडे बघत बसायचं नाही. कानानं ऐका, महिनाभरात कानाला पाठ होतं.

मग पावसाळ्यात घाटमाथ्यावर पोचलात की उतार सुरू होण्याआधी, वरच, सरळ रस्त्यावर तिसरा टाका. जुन्या ड्रायव्हर लोकांचा ठोकताळा असा की ज्या गिअरनं चढलात त्याच गिअरनं उतरा. आजच्या ताकदवान इंजिनांना तो नेहमी पुरत नाही, कारण ती चौथ्यातही चढतात. म्हणून एक साधी तपासणी करा. दोन्ही पाय उचला आणि आठ-दहा सेकंद बघा, गाडी त्याच वेगात राहते का. राहिली तर गिअर बरोबर आहे. पळायला लागली तर ब्रेकनं वेग कमी करा आणि अजून एक गिअर खाली घ्या.